मार्केट यार्डाचा भुसार बाजार घरखरेदीसाठी खरोखर स्वस्त पडतो का?

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील भुसार विभागातून वर्षाचे धान्य भरण्याची पद्धत आमच्या घरात सासूबाईंच्या काळापासून चालत आली आहे, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर गहू, तांदूळ, डाळी, गूळ व मिरची यांसाठी तेथे जाणारी कुटुंबे शहरात आजही पुष्कळ आहेत. घाऊक बाजार म्हणजे स्वस्त, असे गृहीत धरूनच बहुतेक जण जातात. ते गृहीत कितपत खरे आहे, हे मी गेली काही वर्षे दरांची वही ठेवून तपासत आले आहे आणि हे परीक्षण त्याच नोंदींच्या आधारे लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते. हा बाजार मोजक्या वस्तूंसाठी उत्तम आहे, काहींसाठी इतर ठिकाणांच्या बरोबरीचा आहे आणि पाकीटबंद मालासाठी तेथवर जाण्याचे कारण नाही. मात्र हे ठरवताना पाटीवर लिहिलेला दर पाहून भागत नाही. निवडून, दळून, वाहून आणल्यावर स्वयंपाकघरातील डब्यात पडणाऱ्या एका किलोचा खर्च काढावा लागतो.

वहीची रीत साधी आहे. प्रत्येक वस्तूला एक पान, त्यावर तारीख, दुकानाचा प्रकार, वस्तूची जात व प्रत, घेतलेले वजन, दिलेली रक्कम आणि शेवटी प्रतिकिलो किंवा प्रतिलिटर दर. यातील सर्वांत महत्त्वाचा रकाना जातीचा व प्रतीचा, कारण ‘गहू इतक्याला, तांदूळ तितक्याला’ अशी नोंद वर्षभराने काहीच सांगत नाही. लोकवन आणि सिहोर या गव्हांचे दर एकाच दिवशी, एकाच दुकानात बरेच वेगळे असतात, आणि ‘कोलम’ या एका नावाखाली तर इतक्या प्रती विकल्या जातात की नावावरून केलेली तुलना निरुपयोगी ठरते. शासनाने जाहीर केलेला हमीभावही मी पानाच्या वर लिहून ठेवते. २०२५-२६ च्या रब्बी विपणन हंगामासाठी गव्हाचा हमीभाव क्विंटलला २,४२५ रुपये होता, म्हणजे किलोला सव्वाचोवीस रुपये. शेतकऱ्याच्या मालाची ती आधाररेषा आणि आपण मोजलेली रक्कम यांत किती अंतर आहे, त्यातील किती जातीसाठी, किती सफाईसाठी आणि किती मधल्या हातांसाठी, याचा अंदाज त्या आकड्यामुळे येतो. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांतील रोजचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर क्विंटलमागे दिलेले असतात. यार्डात जाण्याआधी ते पाहिले की दुकानदाराशी बोलताना आपले पाय जमिनीवर राहतात.

पाकीटबंद मालाच्या तुलनेसाठी कायद्याने एक चांगली सोय केली आहे, परंतु तिचा उपयोग करणारे ग्राहक मला फारसे दिसत नाहीत. वैधमापनाच्या पाकीटबंद वस्तूंविषयीच्या नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पाकिटावर कमाल किरकोळ किमतीबरोबर एकक दरही छापावा लागतो. एक किलोपेक्षा जास्त वजनाच्या पाकिटावर तो प्रतिकिलो असतो आणि त्याहून कमी वजनाच्या पाकिटावर प्रतिग्रॅम. पाचशे ग्रॅमच्या पाकिटावर ग्रॅमला अमुक पैसे आणि पाच किलोच्या पिशवीवर किलोला तमुक रुपये असे लिहिलेले असले, तर पहिल्या आकड्याला हजाराने गुणल्याशिवाय तुलना होत नाही. त्याहून मोठी अडचण अशी की हा एकक दर छापील कमाल किमतीवरून काढलेला असतो. ज्या दुकानात माल छापील किमतीपेक्षा कमी दराने मिळतो, तेथे छापलेला एकक दर तुलनेला अपुरा पडतो आणि प्रत्यक्ष देय रकमेला वजनाने भागावेच लागते. मी हा भागाकार मोबाईलवर दुकानातच करते. मोठे पाकीट नेहमी स्वस्त पडते, हा समज या भागाकारापुढे अनेकदा टिकत नाही; लहान पाकिटावर योजना चालू असेल, तर तीच दोन पाकिटे मोठ्यापेक्षा कमी पैशांत येतात.

याच दुरुस्तीने ठराविक वजनांचेच पाकीट करण्याचे बंधन काढून टाकले आणि त्याचा सर्वाधिक परिणाम खाद्यतेलाच्या पिशव्यांवर झाला. पूर्वी एक लिटरची पिशवी म्हणजे एक लिटर, हे पाहण्याची गरज नसे. आता दिसायला तितकीच पिशवी ८०० ते ९०० ग्रॅमच्या दरम्यान कोणत्याही वजनाची असू शकते. एक लिटर खाद्यतेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते, हा एक आकडा लक्षात ठेवला की पिशवीवरचे बारीक अक्षर वाचण्याची सवय आपोआप लागते. तापमानाचाही मुद्दा आहे. तेल गरम झाले की प्रसरण पावते, म्हणून अधिक तापमानाला मोजलेल्या एका लिटरमध्ये तेलाचे वजन कमी असते. काही उत्पादक लिटरच्या आकड्यापुढे तापमान छापत असत. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने ते न छापता आकारमानाबरोबर वजन देण्याची सूचना केली आणि छपाई बदलण्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली. मार्केट यार्डात तेलाचा डबा घेणाऱ्यांनी तर हे अधिकच जपले पाहिजे, कारण तेथे १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा शेजारी शेजारी ठेवलेले असतात. १५ लिटर म्हणजे सुमारे १३.६५ किलो. दोन डब्यांत जवळजवळ दीड लिटर तेलाचा फरक पडतो, आणि केवळ ‘डबा कितीला?’ असे विचारणाऱ्याला हा फरक कोणी आपणहून सांगेलच असे नाही. माझ्या नोंदींत किलोवरून हिशेब केला असता डब्याचे तेल मोठ्या सुपरमार्केटमधील सवलतीच्या पिशव्यांपेक्षा फारसे स्वस्त कधी पडलेले नाही. लहान कुटुंबाने डबा घेऊ नये, असेच माझे मत आहे. एकदा उघडलेले तेल महिनोन्‌महिने ठेवणे चवीलाही बरे नाही.

गव्हाचा हिशेब मात्र बारकाईने मांडण्यासारखा आहे, कारण यार्डात जाणाऱ्या बहुतेकांची मुख्य खरेदी तीच असते. नवा गहू साधारण मार्चपासून बाजारात येऊ लागतो आणि आवक चांगली असते तेव्हा दर सहसा उतरलेले असतात. लोकवन, सिहोर भागातील शरबती आणि खपली ही नावे प्रत्येक दुकानात ऐकू येतात. बाजारात लोकवन म्हणून ओळखला जाणारा ‘लोक-१’ हा वाण गुजरातमधील सणोसरा येथील लोकभारतीत विकसित झाला आणि महाराष्ट्राच्या पोळीत तो इतका रुळला की आमच्यासारख्या घरांत गहू म्हणजे लोकवनच. शरबतीची पोळी अधिक मऊ राहते आणि दाणा गोलसर व चमकदार असतो. खपली दळायला व लाटायला वेगळी, दराने बरीच महाग. तिची तुलना इतर गव्हांशी करण्यात अर्थ नाही.

आता एक उदाहरण मांडते. त्यातील दर केवळ हिशेबाची रीत दाखवण्यासाठी धरलेले आहेत. समजा, लोकवनचा ३० किलोचा कट्टा किलोला ४० रुपयांनी १,२०० रुपयांना मिळाला. निवडताना व चाळताना खडे, काडी, फुटका दाणा मिळून एक किलो घट गेली, तर उरलेल्या २९ किलोंचा दर सुमारे ४१ रुपये ४० पैसे झाला. गिरणीत दळणावळ किलोला ७ रुपये धरली की ४८ रुपये ४० पैसे होतात. यार्डातून घरापर्यंत टेम्पोरिक्षाला २५० रुपये लागले आणि आपण एकच कट्टा आणला, तर वाहतुकीचे किलोला आठ रुपयांहून अधिक वाढतात आणि पीठ ५७ रुपयांच्या आसपास जाते. तेच चार कट्टे एकत्र आणले तर वाहतूक किलोला दोन रुपयांवर येते आणि पीठ साधारण साडेपन्नास रुपयांना पडते. त्याच वेळी सुपरमार्केटमध्ये तयार पिठाची पाच किंवा दहा किलोची पिशवी सवलतीत ४६ रुपये किलोने मिळत असेल, तर यार्डातला गहू स्वस्त पडला असे म्हणता येणार नाही. हा निष्कर्ष आमच्या घरातही सुरुवातीला कोणाला पटला नव्हता, पण वहीतील प्रत्यक्ष नोंदींचा कल वर्षानुवर्षे याच दिशेचा आहे. तरीही मी गहू यार्डातूनच घेते, कारण तयार पिठाच्या पिशवीत कोणत्या जातीचा, कोणत्या हंगामाचा गहू आहे हे कळत नाही. आणि पिशवीवर शरबती असे नाव छापलेल्या पिठाशी तुलना केली, तर पारडे पुन्हा यार्डाच्या बाजूने झुकते. ज्याला केवळ पैसे वाचवायचे आहेत त्याने साधे तयार पीठ घ्यावे. ज्याला विशिष्ट गव्हाची पोळी हवी आहे, त्याला हा बाजार तीच वस्तू इतर ठिकाणांपेक्षा कमी किमतीत देतो. या दोन गरजा वेगळ्या आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की तुलना फसते.

कट्ट्याच्या आकाराचा संबंध करआकारणीशीही आहे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद व लेबल लावलेल्या धान्यावर, डाळींवर आणि पिठावर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. पोत्यातून सुटे मोजून दिलेले धान्य आणि २५ किलोंहून मोठे पोते यांना तो लागत नाही. त्यामुळे २६ आणि ३० किलोंचे कट्टे का दिसतात आणि दहा किलोच्या छापील पिशवीचा किलोमागील दर थोडा जास्त का असतो, हे समजते. दोन-तीन कुटुंबांनी मिळून मोठा कट्टा घेऊन घरी वाटून घेणे हा यावरचा सरळ मार्ग आहे आणि आमच्या सोसायटीत आम्ही शेजारणी तसेच करतो. वाहतुकीचा खर्च विभागला जातो, हा दुसरा लाभ वर सांगितलाच आहे.

तांदळाच्या बाबतीत भुसार बाजाराला मी सर्वाधिक गुण देते. इंद्रायणी, आंबेमोहर, वाडा कोलम, सुरती कोलम, बासमती व त्याचा तुकडा हे सर्व प्रकार एकाच गल्लीत, शेजारच्या दुकानांत, हातात घेऊन पाहता येतात. इंद्रायणी हा वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलेला वाण. त्याचा गिजका, सुवासिक भात आमच्याकडे रोज लागतो. आंबेमोहराबाबत अधिक सावध राहावे लागते. मुळशीच्या आंबेमोहराला भौगोलिक मानांकन आहे, परंतु त्याचे उत्पादन मर्यादित असल्यामुळे परराज्यांतून येणारे तशाच बारीक, सुवासिक दाण्याचे तांदूळही त्याच नावाने विकले जातात. ते तांदूळ वाईट असतात असे नव्हे, मात्र त्यांचा दर मुळशीच्या तांदळाशी ताडून पाहू नये. दुकानदाराला ‘हा माल कोणत्या भागातला?’ असे स्पष्ट विचारले तर यार्डातील जुने व्यापारी बहुधा खरे सांगतात, हा माझा चांगला अनुभव आहे.

तांदळात आणखी एक भेद दरावर मोठा परिणाम करतो, तो म्हणजे नवा आणि जुना. दिवाळीनंतर येणारा नवा तांदूळ शिजवल्यावर चिकट होतो, पाणी कमी घेतो आणि भात कमी होतो. वर्षभर मुरलेला तांदूळ मोकळा शिजतो, फुगतो आणि दराला चढा असतो. किलोला काही रुपये अधिक देऊन घेतलेला जुना तांदूळ पातेल्यात जास्त भात देतो, म्हणून दोन्हींची तुलना वजनाच्या दरावर करणे पुरेसे नाही. माझी पद्धत अशी आहे की पसंत पडलेल्या दोन-तीन नमुन्यांचा अर्धा-अर्धा किलो तांदूळ आधी आणायचा, एकाच वाटीने मोजून एकाच कुकरमध्ये वेगवेगळ्या भांड्यांत शिजवायचा आणि मगच कट्टा सांगायचा. भुसार बाजारातील अनेक दुकाने असा नमुना विनातक्रार देतात. सुपरमार्केटमध्ये ही सोय नाही आणि ॲपवर तर दाणा बोटांत धरून पाहताही येत नाही. या एका सोयीसाठी गुलटेकडीपर्यंत जाणे मला योग्य वाटते.

डाळी आणि साखर यांबाबत फार लिहिण्यासारखे नाही. साखरेचा यार्डातील दर आणि मोठ्या दुकानातील दर यांत जो फरक असतो तो वाहतुकीत संपतो. तूरडाळीचे तसेच, कारण साखर, डाळ, तेल या रोजच्या वस्तूंवर अगदी कमी नफा ठेवून ग्राहक जोडणे हे सुपरमार्केटच्या व्यवहाराचे अंगच आहे. २००२ मध्ये पवईत पहिले दुकान उघडलेल्या डी-मार्टने ‘रोज कमी दर’ या तत्त्वावरच आपला व्याप वाढवला. डाळ घेताना मात्र पॉलिश केलेली चकचकीत डाळ आणि तेल-पाण्याने न चमकवलेली डाळ यांत निवड करायची असेल, तर यार्डात दोन्ही समोर ठेवून विचारता येते. पाकिटात जे असेल ते घ्यावे लागते.

खरी संपन्नता गुळाच्या आणि मिरचीच्या दुकानांत आहे. कोल्हापूरच्या आणि दौंड-केडगाव भागातील गुळाच्या ढेपी एक किलोपासून मोठ्या आकारापर्यंत रचलेल्या असतात. पिवळाधमक गूळ पाहून भुलू नये, असे सासूबाई सांगत. गडद तपकिरी, किंचित मऊ, चाखल्यावर खारट न लागणारा गूळ घरच्या पुरणाला चांगला. ढेप फोडून चव पाहू देणारे दुकानदार आहेत आणि मी त्यांच्याकडूनच घेते. पाकिटातील गुळाच्या पावडरीचा प्रतिकिलो दर काढून तो ढेपीच्या दराशी ताडून पाहिला की सोयीसाठी आपण किती मोजतो हे कळते, आणि हा फरक माझ्या वहीतील सर्वांत मोठ्या फरकांपैकी एक आहे.

मिरचीची खरेदी मार्च-एप्रिलमध्ये, वर्षाच्या तिखटासाठी आणि मसाल्यासाठी होते. रंगासाठी ब्याडगी, चवीला संकेश्वरी, तिखटपणासाठी लवंगी किंवा गुंटूर, असे मिश्रण प्रत्येक घराचे वेगळे असते. येथे दराची तुलना करताना देठाचा विचार अवश्य करावा. देठासकट मिरची किलोला स्वस्त दिसते, पण देठ काढल्यावर वजन घटते. त्यातच मिरची थोडी ओलसर असेल, तर दोन दिवसांच्या उन्हात आणखी घट येते. हातात घेऊन चुरगाळल्यावर कडकडीत मोडणारी, बिनदेठाची मिरची दराने महाग दिसली तरी कांडपातून परत आलेल्या तिखटाच्या वजनावर ती बहुधा स्वस्त ठरते. तयार तिखटाच्या पाकिटाशी तुलना करताना कांडपाचे पैसे आणि उन्हात घातलेले दिवस धरावेत, आणि त्यापुढे घरच्या तिखटाचा रंग व वास पाहावा. माझ्या दृष्टीने या एका वस्तूत यार्डाला तोड नाही. मिरची घ्यायला जाताना हळदीची दुकानेही पाहावीत. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि अख्खी हळकुंडे घेऊन दळणे हा भेसळीपासून दूर राहण्याचा सोपा मार्ग आहे.

सेवेविषयी संमिश्र मत आहे. दुकानदार वेळ देतात, नमुना दाखवतात, जुन्या ग्राहकांची आठवण ठेवतात. परंतु सर्वच दुकाने दर स्पष्ट लिहीत नाहीत, आणि लिहिले तरी दर किलोचा, दहा किलोंचा की कट्ट्याचा याचा उलगडा विचारूनच करावा लागतो. हमाली वेगळी आहे की दरातच धरली आहे, हेही आधी विचारावे. हमालांचे काम कष्टाचे आहे आणि त्यांची मजुरी देण्यात कुचराई नसावी, मात्र ती रक्कम किलोच्या दरात धरल्याशिवाय हिशेब पूर्ण होत नाही. एका दुकानात मला दाखवलेला नमुना एका प्रतीचा आणि घरी उघडलेल्या कट्ट्याच्या तळाचा गहू दुसऱ्या प्रतीचा निघाला. पक्की पावती असल्यामुळे कट्टा बदलून मिळाला, तरी तेव्हापासून मी कट्टा शिवण्यापूर्वी तळापर्यंत हात घालून किंवा बंबी (पोत्यात खुपसून धान्याचा नमुना काढण्याची पोकळ सळई) लावून पाहण्याचा आग्रह धरते आणि पावतीवर जात, प्रत व वजन लिहून घेते. वजनकाट्यावर वैधमापन विभागाचा त्या वर्षाच्या पडताळणीचा शिक्का आहे का, हे पाहण्यातही संकोच करू नये. तक्रारीचे निवारण दुकानातच झाले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. सकाळी लवकर गेल्यास गर्दी व वाहनांची कोंडी कमी लागते. खरेदी लांबली, तर हमाल पंचायतीच्या ‘कष्टाची भाकर’ केंद्रात माफक दरात जेवण मिळते आणि ते चांगले असते.

घराजवळचे किराणा दुकान आणि दहा-पंधरा मिनिटांत माल पोहोचवणारी ॲप यांचाही उल्लेख आवश्यक आहे, कारण महिन्याच्या खर्चात त्यांचा वाटा नकळत वाढतो. ॲपवर वस्तूचा दर कमी दिसला, तरी पोहोचवण्याचे शुल्क, हाताळणी शुल्क आणि लहान ऑर्डरवरील अधिभार शेवटच्या पायरीवर वाढतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकांची दिशाभूल करणाऱ्या तेरा ऑनलाइन पद्धती निश्चित करून त्यांवर बंदी घातली. त्यांत किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे, न मागता टोपलीत वस्तू टाकणे आणि खोटी घाई निर्माण करणे यांचा समावेश आहे. ग्राहकाने मात्र शेवटची देय रक्कम वस्तूंच्या संख्येने नव्हे तर वजनाने भागून पाहावी. एका लिंबासाठी, एका कोथिंबिरीच्या जुडीसाठी केलेल्या ऑर्डरी वहीत लिहायला लागल्यापासून आमच्याकडे त्या बऱ्याच कमी झाल्या. कोपऱ्यावरचे किराणा दुकान दराने किंचित महाग असले, तरी पाव किलो रवा देते, किडलेला निघाला तर बदलून देते आणि अडचणीच्या महिन्यात थांबते. या गोष्टी किलोच्या दरात मोजता येत नाहीत, म्हणून मी महिन्याच्या फुटकळ वस्तू तेथूनच घेते. साबण, दंतमंजन, बिस्किटे अशा छापील किमतीच्या वस्तूंसाठी सुपरमार्केट निःसंशय स्वस्त पडते, एवढेच की यादीबाहेरची वस्तू टोपलीत पडू देऊ नये.

एकत्र खरेदीचा जो लाभ आम्ही चार शेजारणी मिळून घेतो, तो मुंबईत कितीतरी मोठ्या प्रमाणावर संघटित झालेला आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेली मुंबई ग्राहक पंचायत सभासद कुटुंबांचे संघ करून महिन्याच्या वाणसामानाची एकत्रित मागणी नोंदवते आणि माल संघापर्यंत पोहोचवते. वाटपाचे काम सभासदच करतात. घाऊक खरेदीचा फायदा घरात चार कट्टे ठेवायला जागा नसलेल्या कुटुंबालाही मिळावा, यासाठी हा मार्ग मला फार मोलाचा वाटतो आणि पुण्यातील मोठ्या सोसायट्यांनी त्याचा विचार करावा.

जागेचा प्रश्न खरोखर मोठा आहे. वर्षाचे धान्य घेताना ते वर्षभर टिकवण्याचा खर्चही दरात येतो. गव्हाला कडक ऊन दाखवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला थराथरात घालून, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवले तर आमच्याकडे ते पुढच्या हंगामापर्यंत चांगले राहते. डाळींना एरंडेल चोळते. परंतु दोन माणसांच्या, दिवसभर बंद असणाऱ्या सदनिकेत पावसाळ्यातील दमटपणामुळे कट्ट्यातील चार-पाच किलो गहू किडला, तर वाचलेले पैसे तेथेच जातात. अशा कुटुंबाने तीन महिन्यांपुरतेच धान्य घ्यावे आणि दर थोडा जास्त पडला तरी तोच आपला खरा स्वस्त दर समजावा.

भुसार विभागातील व्यापाऱ्यांकडे माझी एक मागणी आहे. घाऊक ग्राहक माल ओळखतो. घरासाठी आलेला ग्राहक पाटी वाचतो. प्रत्येक पोत्यावर धान्याची जात, उत्पादनाचा भाग, पिकाचे वर्ष आणि हमालीसह प्रतिकिलो दर या चार गोष्टी मराठीत लिहिलेली एक पाटी लावली, तर येथील मालाची प्रत आणि दर यांची तुलना कोणत्याही सुपरमार्केटशी उघडपणे करता येईल. तांदूळ, गूळ आणि मिरची यांबाबत त्या तुलनेत यार्ड सरस ठरेल, अशी माझी खात्री आहे. मला पसंत असलेल्या एका तांदळाच्या दुकानात अशी पाटी आहे, आणि मी ओळखीच्या सर्वांना प्रथम तेथेच पाठवते.